श्वासागणिक पहारा : कृत्रिम श्वसनावरील बालके आणि कार्बन डायऑक्साइडचे मापन

कोरोनाच्या साथीने २०२० मध्ये देशातील असंख्य घरांत एक छोटे उपकरण पोहोचविले. बोटाला चिमट्यासारखे लावण्यात येणारे पल्स ऑक्सिमीटर. जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर हे उपकरण चालते. त्यामुळे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण सुई न टोचता क्षणात कळते. मात्र श्वसनक्रियेची ही केवळ एक बाजू झाली. श्वासावाटे ऑक्सिजन शरीरात येतो, त्याचप्रमाणे पेशींमध्ये सतत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे बाहेर टाकला जातो. ही दुसरी बाजू ऑक्सिमीटरला दिसत नाही.

अत्यवस्थ बालकांच्या बाबतीत हा फरक जीवनमरणाचा ठरतो. बालकाला जादा ऑक्सिजन दिला जात असेल, तर त्याचा श्वास उथळ झाला तरी ऑक्सिमीटरवरील आकडा बराच काळ ९७ किंवा ९८ टक्के राहू शकतो. त्याच वेळी रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि रक्ताची आम्लता वाढत जाते. म्हणूनच अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्रावर, म्हणजेच व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या बालकाचा कार्बन डायऑक्साइड सातत्याने मोजणे आवश्यक मानले जाते. रक्त न काढता हे मापन करण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. एक उच्छ्वासातील वायूवरून आणि दुसरी त्वचेवरून.

एका साथीने दिलेला धडा

कार्बन डायऑक्साइडकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे १९५२ मध्ये डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे दिसून आले. त्या वर्षी शहरात पोलिओची भीषण साथ पसरली होती. ब्लेगडॅम रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांमध्ये मुलांची संख्या मोठी होती. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन आठवड्यांत दगावले. या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण वाढलेले आढळत होते. हे रक्तातील क्षारता वाढल्याचे लक्षण असावे, असा समज तेव्हा होता.

भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी मात्र वेगळे मत मांडले. रुग्णांचा श्वास अपुरा पडत असून त्यामुळेच हा वायू शरीरात साचत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २७ ऑगस्ट १९५२ रोजी मरणासन्न अवस्थेतील एका १२ वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसविण्यात आली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास देण्यात आला. मुलगी वाचली. त्यानंतर सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून हाताने पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा प्रारंभ या घटनेपासून मानला जातो.

याच साथीच्या काळात रुग्णालयातील प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्त्रुप यांनी रक्ताची आम्लता मोजून इब्सेन यांच्या निदानाला पुष्टी दिली. पुढे अमेरिकेतील रिचर्ड स्टो यांनी १९५४ मध्ये मांडलेली कल्पना सुधारून जॉन सेव्हरिंगहाउस यांनी १९५८ पर्यंत रक्तातील कार्बन डायऑक्साइड थेट मोजणारा इलेक्ट्रोड तयार केला. आज त्वचेवर लावण्यात येणारी संवेदके याच तत्त्वावर आधारलेली आहेत.

वाढ आणि घट, दोन्ही घातक

निरोगी व्यक्तीच्या धमनीतील रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर पारा इतका असतो. हा दाब वाढला की मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मेंदूकडील रक्तप्रवाह वाढतो. डोक्याला इजा झालेल्या किंवा मेंदूला सूज आलेल्या बालकात त्यामुळे कवटीतील दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो.

दाब फार खाली गेला, तर याच्या उलट घडते. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आधीच इजा झालेल्या मेंदूला रक्त कमी पडते. म्हणूनच बालकांच्या मेंदूच्या इजेसंबंधी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, दुखापतीनंतरच्या पहिल्या ४८ तासांत केवळ खबरदारी म्हणून हा दाब ३० च्या खाली उतरवू नये, असे सुचविण्यात आले आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हा दाब वारंवार वरखाली होण्याचा संबंध मेंदूतील रक्तस्रावाशी आढळला आहे.

दुसरीकडे, फुप्फुसे गंभीररीत्या आजारी असताना आकडा सामान्य पातळीवर आणण्याच्या हट्टाने श्वसनयंत्राचा जोर वाढविल्यास नाजूक वायुकोशांना इजा होते. अशा वेळी डॉक्टर कार्बन डायऑक्साइड काही प्रमाणात वाढलेला राहू देतात आणि रक्ताची आम्लता मर्यादेत असल्याची खात्री करतात. म्हणजेच योग्य आकडा प्रत्येक बालकासाठी सारखा नसतो. मेंदूच्या इजेत तो काटेकोर राखावा लागतो, फुप्फुसांच्या आजारात त्याला थोडी सूट द्यावी लागते. दोन्ही प्रसंगी तो ठाऊक असणे मात्र अनिवार्य ठरते.

रक्ताचा हिशेब

धमनीतून रक्त घेऊन त्यातील वायूंची तपासणी करणे ही आजही सर्वांत विश्वसनीय पद्धत मानली जाते. तथापि बालकांमध्ये तिला मोठ्या मर्यादा आहेत. नवजात बालकाच्या शरीरात प्रत्येक किलो वजनामागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ३ किलोच्या बाळात एकूण रक्त सुमारे २४० मिलिलिटर, एका पेल्याइतके, तर १ किलोच्या बाळात जेमतेम अर्धी वाटी. दर खेपेस अर्धा ते एक मिलिलिटर रक्त काढले आणि दिवसातून अनेकदा काढले, तर तपासणीमुळेच बाळाला पंडुरोग होऊन रक्त चढविण्याची वेळ येऊ शकते.

याशिवाय सुई टोचल्याने बाळ रडते, श्वास रोखते किंवा जोराने घेते आणि त्या क्षणी घेतलेला आकडा नेहमीच्या स्थितीचा राहत नाही. सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे रक्ताची तपासणी ही एका क्षणाची नोंद असते. सकाळी ८ वाजता आणि दुपारी १२ वाजता आकडा चांगला असला, तरी मधल्या चार तासांत काय घडले हे त्यातून कळत नाही.

उच्छ्वासाचा आलेख

उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजून त्याचा आलेख पडद्यावर दाखविण्याच्या पद्धतीस कॅप्नोग्राफी असे म्हणतात. काही वायू उष्णतेचे अदृश्य किरण शोषून घेतात, हे शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये लंडन येथे प्रयोगाने सिद्ध केले होते. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरी विशेषत्वाने शोषतो. उच्छ्वासातून असे किरण पाठविल्यास पलीकडे जितके कमी किरण पोहोचतील, तितका हा वायू अधिक, असा सरळ हिशेब आहे. नेदरलँड्समधील बॉब स्मॉलहाउट आणि झ्डेनेक कॅलेंडा यांनी १९७० च्या दशकात या आलेखांचा सखोल अभ्यास करून ही पद्धत शस्त्रक्रियागृहात रूढ करण्यास मोठा हातभार लावला.

पडद्यावरील प्रत्येक लहर म्हणजे एक श्वास. उच्छ्वासाच्या आरंभी श्वासनलिकेतील ताजी हवा बाहेर पडते, त्यामुळे रेषा शून्यावर असते. वायुकोशांतील हवा येऊ लागताच रेषा झपाट्याने वर चढते आणि मग जवळजवळ सपाट पठार दिसते. पठाराच्या शेवटी मिळणाऱ्या आकड्यास उच्छ्वासान्त दाब म्हणता येईल. पुढचा श्वास आत येताच रेषा पुन्हा शून्यावर उतरते. निरोगी फुप्फुसांत हा उच्छ्वासान्त दाब धमनीतील दाबापेक्षा साधारणतः २ ते ५ मिलिमीटरने कमी असतो.

आकड्याइतकेच लहरीचे रूपही बोलके असते. दम्याच्या झटक्यात श्वासनलिका आकुंचन पावल्याने हवा सावकाश बाहेर पडते. तेव्हा पठाराऐवजी शार्क माशाच्या परासारखी तिरपी चढण दिसते. औषधांचा परिणाम होऊ लागला की चढण पुन्हा सपाट होऊ लागते. रेषा शून्यावर न उतरता वरच राहू लागली, तर बालकाने सोडलेलीच हवा त्याच्या श्वासात परत जात असल्याची शंका घ्यावी लागते.

नळी जागेवर आहे काय?

या पद्धतीचा सर्वांत मोठा उपयोग मोजमापापेक्षाही सुरक्षिततेसाठी होतो. श्वसनयंत्राची नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली, तर बालकाच्या फुप्फुसांना हवा मिळत नाही. लहान मुलांची श्वासनलिका आखूड असल्याने योग्य जागी बसविलेली नळीही मान वळताच किंवा कूस बदलताना निसटू शकते. जादा ऑक्सिजन आधीच दिलेला असल्यास ऑक्सिमीटरवरील आकडा घसरण्यास काही काळ लागतो. कॅप्नोग्राफवरील लहर मात्र काही श्वासांतच नाहीशी होते. या थोड्या अवधीत घेतलेला निर्णय प्राण वाचवू शकतो.

ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या संस्थांनी केलेल्या चौथ्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागात श्वसनमार्गाच्या गुंतागुंतीमुळे झालेल्या मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंना कॅप्नोग्राफीचा अभाव अथवा तिचा योग्य वापर न होणे कारणीभूत ठरले असावे, असा निष्कर्ष त्यात नोंदविण्यात आला. उपकरण उपलब्ध असूनही सपाट रेषेचा अर्थ लक्षात न घेतल्याचे प्रसंगही घडतात. त्यामुळे सपाट रेषा दिसताच यंत्रात बिघाड असेल असे गृहीत न धरता प्रथम नळी तपासावी, असा धडा देण्यात येतो.

जेथे असे यंत्र नाही, तेथे रंग बदलणारे साधे उपकरण उपयोगी पडते. नळीच्या तोंडाशी बसविलेल्या या डबीतील रासायनिक कागद कार्बन डायऑक्साइडच्या संपर्कात जांभळ्याचा पिवळा होतो. पोटात हवा गेलेली असल्यास पहिल्या काही श्वासांत फसवा रंग दिसू शकतो. म्हणून किमान सहा श्वासांनंतरचा रंग ग्राह्य धरला जातो. हृदय बंद पडलेले असताना फुप्फुसांकडे रक्तच जात नसल्याने नळी योग्य जागी असूनही रंग न बदलण्याची शक्यता असते. त्याच कारणाने छातीवर दाब देऊन हृदय सुरू करण्याचे प्रयत्न चालू असताना आलेख उपयोगी ठरतो. उच्छ्वासान्त दाब एकाएकी आणि टिकून वर चढला, तर रक्ताभिसरण परत सुरू झाल्याचा तो संकेत असू शकतो.

त्वचेवरून मापन

दुसऱ्या पद्धतीत बालकाच्या छातीवर, पोटावर किंवा मांडीवर नाण्याएवढे संवेदक चिकटविण्यात येते. ते त्वचेला सुमारे ४१ ते ४३ अंश सेल्सियसपर्यंत ऊब देते. त्यामुळे खालील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांतील कार्बन डायऑक्साइड त्वचेतून पाझरून संवेदकातील पातळ पडद्यापर्यंत पोहोचतो. तेथील द्रावणाची आम्लता बदलते आणि त्या बदलावरून आकडा काढण्यात येतो. उष्णतेमुळे आणि त्वचेच्या स्वतःच्या चयापचयामुळे हा आकडा मुळात धमनीतील आकड्यापेक्षा जास्त येतो. यंत्र गणिताने तो दुरुस्त करून दाखविते.

नवजात बालकांची त्वचा पातळ असल्याने ही पद्धत त्यांच्यासाठी विशेष सोयीची आहे. मिनिटाला शेकडो सूक्ष्म कंपने देणाऱ्या श्वसनयंत्रावर नेहमीसारखा श्वास आणि उच्छ्वास राहत नाही. तेथे कॅप्नोग्राफीचा आलेख मिळत नाही, त्वचेवरील संवेदक मात्र काम करते. नळी न घालता केवळ मुखवट्याद्वारे श्वास दिला जात असतानाही, जेथे हवेची गळती अटळ असते, त्याचा उपयोग होतो.

तथापि संवेदक लावल्यानंतर आकडा स्थिर होण्यास काही मिनिटे लागतात, त्याचे वेळोवेळी प्रमाणीकरण करावे लागते आणि भाजू नये म्हणून दर काही तासांनी जागा बदलावी लागते. त्यामुळे श्वास अचानक थांबल्याची सूचना देण्यास हे साधन कॅप्नोग्राफइतके तत्पर नसते. अंगावर सूज असेल, रक्तदाब खालावला असेल किंवा रक्तवाहिन्या आकुंचित करणारी औषधे चालू असतील, तर त्वचेपर्यंत रक्त नीट पोहोचत नाही आणि आकडा भरवशाचा राहत नाही.

लहान देह, लहान श्वास

प्रौढांसाठी सोपे असलेले मापन बालकांत अवघड होते, याचे कारण श्वासाचे आकारमान. तीन किलोच्या बाळाचा एक श्वास सुमारे १८ ते २४ मिलिलिटरचा, म्हणजे चार-पाच चहाच्या चमच्यांइतका असतो. हवेचा नमुना बारीक नळीने खेचून घेणारी जुनी यंत्रे मिनिटाला १५० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक हवा ओढत. इतक्या छोट्या, जलद श्वासांत त्यामुळे ताजी हवा मिसळून आकडा खोटा कमी येई. मिनिटाला ५० मिलिलिटर हवा घेणाऱ्या यंत्रांनी ही अडचण बरीच कमी केली आहे. संवेदक थेट नळीच्या तोंडाशी बसविण्याचा पर्यायही आहे. परंतु त्याचे वजन नळीवर येते आणि त्यातील पोकळीत थोडी शिळी हवा अडकते. दमट हवामानात आणि ओलावा दिलेल्या हवेत बारीक नळ्यांमध्ये पाणी साचून लहर बिघडण्याचा त्रासही परिचारिकांच्या नित्य परिचयाचा आहे.

नळीच्या कडेने हवा गळत असल्यास आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. ज्या जन्मजात हृदयविकारांत अशुद्ध रक्ताचा काही भाग फुप्फुसांत न जाता थेट शरीरात मिसळतो, त्यांतही उच्छ्वासातील आकडा धमनीतील आकड्यापेक्षा बराच कमी येतो.

फरकातील माहिती

उच्छ्वासातील आणि रक्तातील आकड्यांमध्ये तफावत असली, तर यंत्र निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. प्रत्यक्षात ही तफावतच एक महत्त्वाची माहिती असते. हवा पोहोचूनही रक्त न पोहोचलेल्या वायुकोशांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. असा निरुपयोगी भाग जितका मोठा, तितका दोन आकड्यांतील फरक अधिक. समजा, एका बालकाच्या धमनीतील दाब ६० आणि उच्छ्वासान्त दाब ४२ आहे. १८ चा हा फरक ६० ने भागल्यास ०.३० येतो, म्हणजेच वायुकोशांपर्यंत जाणाऱ्या हवेचा सुमारे तीन दशांश भाग वाया जात असल्याचा अंदाज बांधता येतो. फुप्फुसांच्या तीव्र विकारात हे प्रमाण अधिक असलेल्या बालकांत मृत्यूचा धोकाही अधिक असल्याचे अभ्यासांत दिसून आले आहे. बालकांच्या या विकारासंबंधी २०१५ मध्ये जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशींत श्वसनयंत्रावरील अशा बालकांमध्ये कार्बन डायऑक्साइडचे सातत्याने मापन करण्यास सांगण्यात आले आहे.

त्यामुळे व्यवहारात दोन्ही साधनांची सांगड घातली जाते. सुरुवातीस एकदा धमनीतील रक्त तपासून दोन आकड्यांतील फरक नोंदविण्यात येतो. त्यानंतर यंत्रावरील आकड्याचा कल पाहिला जातो. श्वसनयंत्रात केलेल्या बदलाचा परिणाम काही मिनिटांत दिसतो आणि प्रत्येक बदलानंतर सुई टोचण्याची गरज उरत नाही. आकडा अनपेक्षितरीत्या बदलला, बालकाची स्थिती खालावली किंवा रक्तदाब घसरला, तर मात्र रक्ताची तपासणी पुन्हा करणे भाग असते. कारण अशा वेळी पूर्वी नोंदविलेला फरक कायम राहिलेला नसतो. रक्ताभिसरण मंदावले, तर उच्छ्वासातील आकडा खाली येतो आणि बालक सुधारत असल्याचा भास होऊ शकतो.

भारतातील गरज

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता परिसरात, गुलेन बॅरे सिंड्रोम अर्थात जीबीएसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. संशयित रुग्णांची संख्या २०० च्या वर गेली आणि काहींना श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. या आजारात मज्जातंतूंना इजा होऊन स्नायू दुर्बल होतात. फुप्फुसे निरोगी असूनही श्वासाचे बळ संपते, अगदी १९५२ च्या पोलिओग्रस्तांप्रमाणे. अशा रुग्णात कार्बन डायऑक्साइड वाढणे हे उशिरा दिसणारे लक्षण असल्याने त्याची वाट न पाहता श्वासाची ताकद वारंवार तपासावी लागते. श्वसनयंत्र सुरू झाल्यावर आणि विशेषतः ते हळूहळू काढून घेताना, बालक स्वतःच्या बळावर पुरेसा श्वास घेत आहे काय, याचे उत्तर उच्छ्वासाचा आलेख देऊ शकतो.

आपल्याकडे गंभीर आजारी बालकाला तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला आणि तेथून मोठ्या शहरातील रुग्णालयात हलविण्याचे प्रसंग वारंवार येतात. रुग्णवाहिकेच्या धक्क्यांत नळी निसटण्याचा धोका सर्वाधिक असतो. गाडीच्या आवाजात छातीला स्टेथोस्कोप लावून श्वास ऐकू येत नाही आणि हलत्या बोटावरील ऑक्सिमीटरही चुकतो. अशा प्रवासात हातात मावणारा कॅप्नोग्राफ किंवा निदान रंग बदलणारी डबी सोबत असणे मोलाचे ठरते. यंत्रखरेदी करताना मात्र लहान बालकांसाठी योग्य जोडण्या, नमुना घेण्याच्या नळ्यांचा नियमित पुरवठा आणि परिचारिकांचे प्रशिक्षण यांचाही विचार होणे आवश्यक आहे. यंत्राच्या किमतीत हा खर्च धरला गेला नाही, तर ते कोपऱ्यात पडून राहते.

अतिदक्षता विभागात उशाशी बसलेल्या आईवडिलांची नजर बहुधा ऑक्सिजनच्या आकड्यावर खिळलेली असते. त्याच पडद्यावर, थोडे खाली, ठरावीक अंतराने उठणारी आणि सपाट पठार करून पुन्हा उतरणारी एक रेषा दिसते. दिलेला श्वास फुप्फुसांपर्यंत पोहोचला, तेथील रक्ताला भेटला आणि परत आला, एवढे ती रेषा प्रत्येक खेपेस सांगते. ती थांबली, तर यंत्राकडे नव्हे, आधी बालकाकडे आणि नळीकडे धाव घ्यावयाची असते.